आधी पिस्टन आणा

जुन्या जीपचं इंजिन उघडलं की घरच्यांना वाटतं, चांगला मेकॅनिक मिळाला म्हणजे सुटलो. मेकॅनिक मिळतो. टॅपेट लावणारा, टायमिंग जुळवणारा हात अजून बऱ्याच तालुक्याच्या गावी आहे. अडतं ते बोअर आणि क्रँकपाशी. ते काम मेकॅनिक स्वतः करत नाही. ब्लॉक टेम्पोत घालून मशीनशॉपला पाठवतो. तिथं नेमकं काय झालं, ते इंजिन बांधून दोन-चार हजार किलोमीटर पळवल्याशिवाय कळत नाही.

आमची गाडी महिंद्राची सीजे-3बी. हिचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच दिसतं, ते ऐटीसाठी नव्हे. आतलं 'हरिकेन' इंजिनच उंच आहे. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकात, अशी त्याची अर्धी-अर्धी मांडणी. चार सिलिंडर, बोअर तीन इंच एक सूत, स्ट्रोक चार इंच तीन सूत, सगळं मिळून 2.2 लिटर. वेग कमी, पण चिखलातून बैलासारखं ओढणार.

पहिल्यांदा मी फसलो ते स्वस्ताईमुळे नव्हे, घाईमुळे. एका शॉपवाल्यानं ब्लॉक पाहिला, सिलिंडरच्या वरच्या कडेवर नख फिरवलं आणि म्हणाला, "चाळीस मारतो, उद्या घेऊन जा." म्हणजे मूळ मापापेक्षा चाळीस थाऊ, एक मिलीमीटर मोठं. बोअर झाला, चकचकीत झाला. मग पुण्याच्या नाना पेठेत पिस्टन शोधायला गेलो, तर मिळाले ते तीसचे. चाळीसचा सेट कुणाकडेच नव्हता. कापलेलं लोखंड परत कुठून आणणार? शेवटी चारही सिलिंडरना स्लीव्ह घालून पुन्हा मूळ मापावर यावं लागलं. त्या खर्चाचा आकडा मी घरात अजून सांगितलेला नाही.

पुढच्या इंजिनाला मी कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर गाठलं. मोठ्या फाउंड्र्या शिरोली, गोकुळ शिरगावला वसल्या, पण उद्यमनगरच्या गल्ल्यांत शिरलं की अजून लेथचा आवाज आणि कटिंग ऑइलचा वास येतो. ऑइल इंजिनं आणि उसाच्या चरकांवर हात बसलेलं हे गाव. ओतीव लोखंड इथल्या माणसाला गिरमिटाच्या आवाजावरून कळतं, असं तिथले लोक सांगतात. थोडी अतिशयोक्ती धरून चाला.

ज्या मिस्त्रींकडे गेलो, त्यांनी ब्लॉक टेम्पोतून उतरवूच दिला नाही. "पाहुणं, पिस्टन आणलासा काय?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "आधी पिस्टन आणा. बोअर पिस्टनच्या मापावर मारायचा असतोय, डब्यावरच्या आकड्यावर न्हवं."

मी गपचूप परतलो, आणि मनातल्या मनात शॉप ठरवून टाकलं.

पुढच्या खेपेला त्यांनी चारही पिस्टन मायक्रोमीटरनं मोजले. त्यातले दोन अर्ध्या थाऊनं लहान निघाले. मग बोअर डायल प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली उतरवली, तीही आडवी-उभी दोन्हीकडून. वरची रिंग जिथं वळते तिथं ताप आणि दाब सर्वांत जास्त, तेल सर्वांत कमी. म्हणून झीज तिथंच मोठी. शिवाय कनेक्टिंग रॉडच्या रेट्यानं पिस्टन एका अंगाला घासतो, म्हणून बोअर लंबगोल होतो. सगळे आकडे एका वहीच्या पानावर आले. "वीसमध्ये निघतंय," मिस्त्री म्हणाले. म्हणजे पुढच्या पिढीला तीस आणि चाळीस शिल्लक. पिस्टनवर नंबर घालून ज्याचा त्याला बोअर दिला आणि शेवटी तीन थाऊची पट्टी शेजारी सरकवून पिस्टन उतरतो कसा ते पाहिलं. तीन थाऊ म्हणजे डोक्यावरच्या एका केसाएवढी जागा.

क्रँकच्या बाबतीत मात्र मी डोळ्यात तेल घालून उभा राहिलो. जर्नल ग्राइंड करताना त्याच्या कडेला जी छोटी गोलाई असते, ती राखावी लागते. दगडाची कड वेळेवर ड्रेस केली नाही तर तिथं काटकोन पडतो आणि क्रँक पुढे त्याच ठिकाणी तडकतो. मिस्त्री प्रत्येक जर्नलनंतर गोलाईवर गेज लावून उजेडाकडे धरत होते. मी विचारण्याआधीच.

एक्झॉस्टच्या सीटही त्यांनी कडक धातूच्या बसवायला लावल्या. 2000 सालापासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आलं. जुन्या मऊ सीटवर शिशाचा जो थर बसायचा तो गेला, आणि खेचून चालवलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतायला लागले. जीप रविवारपुरतीच निघणार असेल तर एवढं नाही केलं तरी चालतं, असं माझं मत. मिस्त्रींचं नाही, आणि हत्यार त्यांच्या हातात होतं.

काम न्यायला गेलो तेव्हा पोत्यात जुने पिस्टन, जुनी बेअरिंगं, काढलेले प्लग सगळं बांधून ठेवलेलं. वहीचं पान घडी करून वर. शेजारी एका बाटलीच्या झाकणात काळा चिकट गाळ होता, मध्ये चकाकणारा चुरा.

"ह्ये काय?"

"तुमच्या ब्लॉकच्या तेलाच्या वाटंतनं निघालंय," ते म्हणाले. "आदल्या वेळी कुणी धुतला न्हवता वाटतं."