नुसती लायब्ररी बदलून लॉग सुधारत नाहीत

नोडवर चालणाऱ्या सर्व्हरवर रात्रीत पेमेंट अडकतात. सकाळी लॉग उघडले की एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसते: पेमेंट फेल झालं. कुणाचं, किती रुपयांचं, कुठल्या रिक्वेस्टमध्ये, बँकेकडून काय उत्तर आलं, यातलं काहीच नसतं. मग टीम ठरवते, कन्सोल लॉग काढून टाकू, पिनो किंवा विन्स्टन बसवू. लायब्ररी बसते, आणि पुढच्या वेळी तीच ओळ महिरपी कंसात सापडते.

पहिला आणि सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे: जेसन छापलं म्हणजे स्ट्रक्चर्ड लॉगिंग झालं. 'ऑर्डर ४५२१ चं पेमेंट ३ प्रयत्नांनंतर फसलं, बँकेकडून ५०४ आलं' असं अख्खं वाक्य मेसेजमध्ये कोंबलं, तर भोवती कितीही कंस असले तरी मशीनच्या लेखी ती एक लांबलचक स्ट्रिंगच राहते. मेसेज कायम एकच ठेवावा, 'पेमेंट फसलं', आणि ऑर्डरचा आयडी, प्रयत्नांची संख्या, बँकेचा कोड ही वेगवेगळी फील्ड करावीत. आकडा आकडा म्हणूनच जावा. मग 'कालपासून ५०४ किती आले आणि कुठल्या बँकेचे' हा प्रश्न एका क्वेरीत सुटतो. फील्डची नावंही सगळ्या सर्व्हिसमध्ये सारखी लागतात. एकीकडे युजरआयडी, दुसरीकडे यूआयडी, तिसरीकडे कस्टमर असं असेल, तर एकाच माणसाचा माग तीन वेळा काढावा लागतो. ही नावं ठरवण्याचं काम कुठलीही लायब्ररी करून देत नाही. ते टीमनेच बसून करायचं असतं, आणि माझ्या मते लायब्ररी निवडण्याआधी करायचं असतं.

दुसरा गैरसमज जास्त घातक, कारण तो कळतो तो नेमका अडचणीच्या वेळी: एरर लॉगरला दिली की तिचा सगळा तपशील आपोआप छापला जातो. जावास्क्रिप्टच्या एरर ऑब्जेक्टमधले मेसेज आणि स्टॅक हे गुणधर्म एन्युमरेबल नसतात. म्हणून साध्या एररवर थेट जेसन स्ट्रिंगिफाय चालवलं की हाती फक्त रिकामा महिरपी कंस येतो. पिनोकडे यासाठी सीरियलायझर आहे. एरर पहिल्या जागी दिली, किंवा ऑब्जेक्टमध्ये ई-आर-आर या नावाखाली दिली, की प्रकार, मेसेज आणि पूर्ण स्टॅक व्यवस्थित बाहेर येतो. पण हाताला कन्सोलची सवय असते: आधी वाक्य, मग स्वल्पविराम, मग एरर. पिनोमध्ये वाक्यानंतर येणारी आर्ग्युमेंट ही त्या वाक्यातल्या टक्का-एससारख्या खुणा भरण्यासाठी असतात. खूण नसेल तर ते आर्ग्युमेंट गळून जातं. वॉर्निंग येत नाही, टेस्ट फुटत नाही, ओळ छापली जाते आणि स्टॅक मात्र गायब. कन्सोलवरून पिनोवर येताना प्रत्येक कॅच ब्लॉक उघडून हा क्रम उलटा करणं, यावर घालवलेला दिवस वाया जात नाही.

'रिक्वेस्ट आयडी प्रत्येक ओळीत हवा, तर लॉगर प्रत्येक फंक्शनला हातोहात द्यायला हवा' असंही बरेच जण मानतात आणि म्हणून तो नादच सोडतात. चाइल्ड लॉगर एकदा बनवला की त्याला दिलेली फील्ड त्याच्या प्रत्येक ओळीत येतात. फास्टिफाय या फ्रेमवर्कमध्ये पिनो आतच आहे आणि प्रत्येक रिक्वेस्टला असा चाइल्ड लॉगर मिळतो, फक्त लॉगिंग मुळात बंद असतं, ते सुरू करावं लागतं. त्यापलीकडे नोडमध्येच २०२० पासून असिंक लोकल स्टोरेज आहे. रिक्वेस्ट आली की आयडी त्यात ठेवायचा आणि पिनोच्या मिक्सिन फंक्शनने तो प्रत्येक ओळीत घालायचा. मधल्या फंक्शनना त्याचा पत्ताही लागत नाही.

वेगाबद्दलचे समज दोन्ही टोकांचे आहेत. एक म्हणजे कन्सोल लॉग फुकट असतो. लिनक्सवर आउटपुट फाइलमध्ये जावो, टर्मिनलवर जावो की पाइपमध्ये, नोडचं ते लिखाण सिंक्रोनस असतं, म्हणजे तेवढा वेळ इव्हेंट लूप थांबतो. शिवाय दोन पातळ्यांपेक्षा खोल गेलेल्या ऑब्जेक्टच्या जागी कन्सोल नुसतं 'ऑब्जेक्ट' असं लिहून मोकळं होतं. दुसरं टोक म्हणजे पिनो असिंक्रोनस आहे, म्हणून वेगवान आहे. पिनोही मुळात सिंक्रोनसच लिहितं. त्याचा वेग कमी कामात आहे. असिंक्रोनस पर्याय मागून घ्यावा लागतो, आणि तो घेतला की ओळी आधी बफरमध्ये साठतात. प्रोसेस अचानक मारली गेली तर शेवटच्या ओळी बफरसोबत जातात, आणि प्रोसेस का मेली हे सांगणाऱ्या ओळी बहुधा त्याच असतात. आवृत्ती ७ पासून ट्रान्सपोर्ट वेगळ्या वर्कर थ्रेडमध्ये चालतात. लॉग सजवणं, दुसरीकडे पाठवणं ही कामं तिकडे द्यावीत, पण वरची जोखीम तिथेही विसरू नये.

डीबग लेव्हल बंद असली की खर्च शून्य, हेही अर्धंच खरं. पिनो बंद लेव्हलच्या जागी काहीच न करणारं फंक्शन ठेवतं. पण त्याला द्यायच्या आर्ग्युमेंटमध्ये मोठ्या ऑब्जेक्टची स्ट्रिंग बनवत असाल, तर जावास्क्रिप्ट ती आधी बनवतं आणि मग फेकून देतं.

लेव्हलचे आकडे सगळीकडे सारखे नसतात. पिनोत डीबग २०, एरर ५०. विन्स्टनच्या नेहमीच्या यादीत एरर ०, डीबग ५. दोन्हींचे लॉग एकाच ठिकाणी जात असतील तर अलर्ट लेव्हलच्या नावावर लावावा.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तो समज: लॉगमधली फील्ड झाकणारं रिडॅक्ट लावलं, आता गुपितं बाहेर पडणार नाहीत. मे २०१८ मध्ये ट्विटरने ३३ कोटींवर युजरना पासवर्ड बदलायचा सल्ला दिला. हॅश पूर्ण होण्याआधीच पासवर्ड आतल्या लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते. पिनोचं रिडॅक्ट तुम्ही दिलेल्या वाटांपुरतंच चालतं. तारांकनानंतर पासवर्ड लिहिलं तर ते एकाच पातळीवर लागू होतं, त्याखाली दडलेला पासवर्ड तसाच छापला जातो. मेसेजच्या वाक्यात गुंफलेल्या टोकनला तर ते हातही लावत नाही. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपायचे असतात. म्हणजे आज चुकून लिहिला गेलेला कुणाचा आधार क्रमांक सहा महिने तिथेच राहू शकतो. म्हणून काय झाकायचं याची यादी करण्यापेक्षा काय लिहायचं याची यादी करावी: सीरियलायझरमध्ये रिक्वेस्टचा आयडी, मेथड आणि क्वेरी स्ट्रिंग वगळलेला पाथ, एवढंच. आणि एक टेस्ट लिहावी. पिनोला स्टँडर्ड आउटपुटऐवजी मेमरीतली स्ट्रीम देता येते. ती देऊन लॉगिनची रिक्वेस्ट एका ठरलेल्या खोट्या पासवर्डने पाठवायची, आणि ती स्ट्रिंग लॉगमध्ये कुठेही सापडली तर बिल्ड तिथेच थांबवायचं.