ख्रिस्ती प्रार्थनेतलं मनन आणि ध्यान: फरक काय?

ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे फक्त पाठ केलेले शब्द म्हणणं नव्हे. मनन आणि ध्यान हेही तिचेच प्रकार आहेत.

मननात बुद्धी आणि कल्पनाशक्ती काम करतात. बायबलमधला एखादा प्रसंग वाचायचा, तो डोळ्यांसमोर आणायचा आणि आपल्या जगण्याशी ताडून पाहायचा. ध्यानात हा खटाटोप थांबतो. भक्त देवाच्या सान्निध्यात नुसता शांत राहतो.

स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेसा (१५१५–१५८२) यांनी आत्मचरित्रात हे बागेच्या उदाहरणातून समजावलं आहे. बागेला पाणी चार प्रकारे मिळतं: विहिरीतून शेंदून, रहाटाने, ओढ्यातून किंवा पावसाने. शेंदणं सर्वांत कष्टाचं, मनन तसंच. पुढे माणसाचे कष्ट कमी होत जातात. पाऊस तर कोणालाच पाडता येत नाही. तेरेसांच्या मते खोल ध्यानही असंच देवाचं दान आहे, ते ओढून आणता येत नाही.

मग प्रार्थनेत काहीच जाणवलं नाही, तर ती वाया गेली का? नाही. विहीर कोरडी असली तरी माळ्याने आपलं काम करत राहावं, असं तेरेसा सांगतात. कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर आपलं लक्ष घड्याळाच्या ठोक्याकडे असायचं, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिलं आहे. त्याच तेरेसांना १९७० मध्ये कॅथलिक चर्चने ‘डॉक्टर ऑफ द चर्च’ हा मान दिला. तो मिळालेल्या त्या पहिल्या महिला.