पोटगीत दिलेली गाणी

नवरा-बायको वेगळे होतात तेव्हा कोर्टात घर, गाडी, दागिने आणि मुलांचा ताबा यांवरून वाद होतात. अजून गायलीच न गेलेली गाणी पोटगीत लिहून दिल्याचे मात्र सहसा कुणी ऐकलेले नसेल. अमेरिकेचा प्रसिद्ध गायक मार्विन गे आणि त्याची पत्नी ॲना यांच्या घटस्फोटात नेमके हेच घडले. मार्विनच्या रेकॉर्ड लाखोंनी खपत होत्या, पण पैसा हातात टिकत नव्हता. पोटगी द्यायची कुठून, हा प्रश्न होता.

तोडगा काढला मार्विनच्याच वकिलाने. मार्विनने एक नवी ध्वनिमुद्रिका करावी. तिच्यापोटी कंपनीकडून जी उचल मिळेल, त्यातले ३ लाख ५ हजार डॉलर ॲनाला द्यावेत आणि पुढे होणाऱ्या कमाईतून आणखी २ लाख ९५ हजार. एकूण ६ लाख डॉलर. यातली गंमत अशी, की ती कंपनी म्हणजे ‘मोटाऊन’, आणि तिचा मालक बेरी गॉर्डी हा ॲनाचा सख्खा धाकटा भाऊ. म्हणजे मेहुण्याने उचल द्यायची आणि जावयाने ती मेहुण्याच्याच बहिणीच्या हाती ठेवायची!

१९७७ च्या मार्चमध्ये घटस्फोट झाला आणि १५ डिसेंबर १९७८ रोजी ध्वनिमुद्रिका बाजारात आली. दोन तबकड्या, चौदा रचना. नाव ‘हिअर, माय डिअर’. म्हणजे ‘हे घे, प्रिये’. हे शब्द प्रेमाने म्हणता येतात, तसे दात-ओठ खाऊनही म्हणता येतात. मार्विनने ते दोन्ही प्रकारे म्हटले आहेत.

घरचीच कंपनी

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये जे आर्जवी, अंतःकरण पिळवटून गायले जाणारे भक्तिसंगीत होते, त्याच गायकीत संसाराची सुखदुःखे येऊ लागली आणि ‘सोल’ संगीत जन्माला आले. सोल म्हणजे आत्मा. वॉशिंग्टनला १९३९ साली जन्मलेला मार्विन हा एका कडक शिस्तीच्या धर्मोपदेशकाचा मुलगा. चर्चमध्ये गातच तो मोठा झाला. बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये डेट्रॉइट शहरात घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली. मायकेल जॅक्सन आणि त्याची भावंडे पुढे प्रथम गाजली ती याच कंपनीच्या छत्राखाली. मार्विन तिथे पोचला आणि मालकाच्या बहिणीच्या प्रेमात पडला.

१९६३ मध्ये लग्न झाले तेव्हा तो २४ वर्षांचा होता आणि ती ४१ वर्षांची. वयातल्या या अंतरावर तेव्हाही कुजबुज झाली असणारच. पण ॲना गॉर्डी काही नुसती मालकाची बहीण नव्हती. बहीण ग्वेनबरोबर तिने स्वतःच्या नावाची रेकॉर्ड कंपनी काढली होती. मोटाऊनच्या व्यवहारात तिचा शब्द चाले. मार्विनबरोबर तिने गाणीही रचली. ‘ओरिजिनल्स’ या गायकसंचाने गाजवलेल्या एका गाण्यावर दोघांची नावे आहेत. त्याच्या १९६३ सालच्या ‘प्राइड अँड जॉय’ या गाण्यामागची प्रेरणाही तीच. एक मुलगा त्यांनी दत्तक घेतला. पुढे १९७१ मध्ये ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या ध्वनिमुद्रिकेत मार्विनने व्हिएतनामचे युद्ध, गरिबी, व्यसने यांवर गाऊन जगभर नाव कमावले.

घरात मात्र बिनसत गेले होते. १९७३ मध्ये त्याच्या आयुष्यात जॅनिस हंटर ही १७ वर्षांची मुलगी आली आणि तिच्यापासून त्याला दोन मुले झाली. १९७५ मध्ये ॲनाने कोर्टाची पायरी चढली.

पाट्या टाकायच्या होत्या, पण...

पैसा आपल्याला मिळणारच नाही, मग जीव कशाला ओता? काहीतरी पाट्या टाकून मोकळे व्हावे, असा मार्विनचा आधी बेत होता. चरित्रकार डेव्हिड रिट्झजवळ त्याने स्वतःच तसे सांगितले आहे. पण हॉलिवूडमधल्या आपल्या स्टुडिओत तो गायला बसला आणि चौदा वर्षांचा संसार डोळ्यांपुढे उभा राहू लागला. मग पाट्या टाकणे राहिले बाजूला.

‘आय मेट अ लिटल गर्ल’ या गाण्यात पहिल्या भेटीची आठवण आहे, आणि तिला चाल दिली आहे ती पन्नाशीच्या दशकातल्या गल्लीबोळांतल्या तरुण टोळक्यांच्या गाण्याची. ऐकताना जुना कृष्णधवल फोटो हाती आल्यासारखे वाटते. ‘अँगर’मध्ये संतापावर गाणे आहे, पण चाल इतकी नाचरी, की संताप बाहेर येता येता थबकतो. ‘इज दॅट इनफ’मध्ये वकील, कोर्ट, पैसे आणि ‘अजून किती?’ हा सूर. कटकट करणारा माणूसही इतके गोड गाऊ शकतो, याचे आश्चर्य वाटते. ‘ॲनाज साँग’मध्ये तर सरळ बायकोच्या नावाने हाक आहे, भांडणाच्या मधोमध अचानक मऊ झालेला आवाज!

ध्वनिमुद्रिकेचा कणा म्हणजे एकच प्रश्न. तुझे माझ्यावरचे प्रेम केव्हा संपले आणि माझे तुझ्यावरचे केव्हा संपले, असे विचारणारे एक गाणे इथे तीनदा येते: एकदा पूर्ण, एकदा नुसत्या वाद्यांवर आणि सर्वांत शेवटी पुन्हा ओझरते. उत्तर एकदाही मिळत नाही. मार्विन स्वतःचाच आवाज अनेकदा मुद्रित करून एकावर एक चढवत असे. एक आवाज आरोप करतो, दुसरा समजूत घालतो, तिसरा मागे नुसता विव्हळतो. रात्री झोप न लागणाऱ्या माणसाच्या डोक्यात जसे चालते, तसेच.

सगळेच उत्तम आहे असे नाही. दुसऱ्या तबकडीवर पसारा वाढतो. अंतराळयानातल्या पुनर्जन्माचे एक लांबलचक गाणे आहे. त्याची कल्पना मजेची, पण ते संपता संपत नाही. दुसरी गोष्ट अधिक खटकते. तिने काय काय केले हे मार्विन तपशिलाने सांगतो. स्वतःच्या वागण्याकडे येताच शब्द धूसर होतात. जॅनिसवरच्या नव्या प्रेमाचे गाणेही त्याने याच संचात घातले आहे. पहिल्या बायकोच्या पोटगीत दुसरीवरचे प्रेमगीत! ॲनाची बाजू या तबकड्यांवर कुठेच नाही. माइक एकाच्याच हाती होता.

वेष्टणावरही मार्विनने हात आखडता घेतला नाही. आतल्या बाजूला आपल्याकडच्या ‘व्यापार’सारखा मोनोपॉलीचा पट रंगवला आहे आणि त्यावर ‘जजमेंट’ अशी अक्षरे. एका बाजूने पुरुषाचा हात रेकॉर्ड पुढे करतो आहे, समोर घ्यायला बाईचा हात.

ॲना संतापली. खासगी आयुष्य चव्हाट्यावर मांडल्याबद्दल दावा लावण्याचा विचारही तिने केला, पण तो पुढे नेला नाही. श्रोत्यांनाही हे प्रकरण पचले नाही. डिस्कोच्या त्या दिवसांत घटस्फोटाचे कैफियतनामे कोणाला हवे होते? सर्वसाधारण यादीत ध्वनिमुद्रिका २६ व्या क्रमांकाच्या वर गेली नाही. मार्विननेही मग तिचा पिच्छा सोडला. जॅनिसशी १९७७ मध्ये केलेले लग्न टिकले नाही. कर्ज आणि व्यसने यांनी घेरलेला मार्विन देश सोडून आधी लंडनला, मग बेल्जियमला जाऊन राहिला. १९८२ मध्ये ‘सेक्शुअल हीलिंग’ने त्याला पुन्हा यश दिले. १ एप्रिल १९८४ रोजी, पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, घरातल्या भांडणात वडिलांनीच झाडलेल्या गोळ्यांनी त्याचा अंत झाला.

‘हिअर, माय डिअर’कडे लोक वळले ते त्यानंतर. १९९० च्या दशकात ती सीडीवर पुन्हा निघाली आणि ज्यांनी पूर्वी नाके मुरडली होती, त्यांतले काही समीक्षक तिला मार्विनच्या श्रेष्ठ कामांत मोजू लागले. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २००३ मध्ये केलेल्या ५०० सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकांच्या यादीत तिला स्थान मिळाले. ज्यांना इंग्रजी गाण्यांची फारशी सवय नाही, त्यांनी आधी ‘ॲनाज साँग’ ऐकावे. शब्द कळले नाहीत तरी अडत नाही.

ॲनाचा रागही वर्षांबरोबर निवळला. मार्विनच्या सगळ्याच संगीताची कदर आपल्याला पुढे वाटू लागली, असे तिने रिट्झला सांगितले. मार्विनची रक्षा पॅसिफिक महासागरात सोडण्यात आली तेव्हा त्याच्या तिन्ही मुलांबरोबर ॲना होती. जानेवारी २०१४ मध्ये लॉस एंजेलिसला तिचे निधन झाले. ती ९२ वर्षांची होती, आणि तिने दुसरे लग्न केले नव्हते.