महिन्यातून किती दिवस गोळी खाता? अर्धशिशीच्या रुग्णांनी आधी हा हिशेब मांडा

सकाळी उठतानाच कपाळाची एक बाजू जड. भाकरी थापून होईपर्यंत ठणका सुरू. शेतावर पोचेपर्यंत मळमळ आणि डोळ्यांना उजेड सहन होत नाही. मग किराणा दुकानातून आणलेली सुटी गोळी चहासोबत पोटात जाते, डोक्याला ओढणी घट्ट आवळली जाते आणि काम पुढे चालू राहतं. संध्याकाळी उलटी झाली की घरचे म्हणतात, "पित्त झालंय, पडू दे बाहेर."

गावोगावी दिसणारं हे चित्र. यातली अनेक दुखणी पित्ताची नसतात. ती असते अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन. यात डोकेदुखीइतकीच काळजी करण्यासारखी गोष्ट आहे ती गोळी. डोकं दुखतं म्हणून गोळी आणि गोळी वारंवार घेतली म्हणून पुन्हा डोकं, या चक्रात माणूस वर्षानुवर्षं अडकतो आणि त्याचा पत्ताही लागत नाही.

दुखणं डोक्याचं, नाव पित्ताचं

अर्धशिशी हा मेंदूचा आजार आहे. काही माणसांचा मेंदू जन्मतःच जास्त संवेदनशील असतो. ऊन, उपास, जागरण असं काही झालं की चेहरा आणि डोक्याच्या संवेदना वाहून नेणारी मज्जातंतूंची यंत्रणा भडकते, मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांभोवती दाह होतो आणि ठणका सुरू होतो. आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता जास्त. पुरुषांपेक्षा महिलांमध्ये हा आजार साधारण तिप्पट दिसतो आणि त्याचं मोठं कारण म्हणजे पाळीनुसार होणारे संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचे, चढउतार.

मळमळ आणि उलटी हा त्याच झटक्याचा भाग असतो. झटका आला की पोटाचं काम मंदावतं, खाल्लेलं पुढे सरकत नाही. उलटीनंतर काहींना बरं वाटतं, म्हणून "पित्त पडलं, डोकं उतरलं" असा समज पक्का होतो. मग वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या सुरू राहतात आणि मूळ आजारावर उपचारच होत नाही.

डोक्याचा फोटो काढला, सीटी स्कॅन किंवा एमआरआय केला, तरी अर्धशिशीत रिपोर्ट बहुधा नॉर्मलच येतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे बाई नाटक करते, असा अर्थ घरच्यांनी काढू नये. जगात सुमारे १०० कोटी लोकांना हा आजार आहे आणि माणसाला कामातून उठवणाऱ्या आजारांमध्ये त्याचा नंबर फार वरचा लागतो.

ओळखायची कशी?

अर्धशिशी ओळखायला बहुतेक वेळा मशीन लागत नाही. डॉक्टर नीट विचारपूस करूनच निदान करतात. साधारण खुणा अशा:

- दुखणं पुन्हा पुन्हा येतं. औषध न घेतल्यास एक झटका ४ ते ७२ तास टिकतो. मधल्या दिवसांत माणूस ठीक असतो.
- बऱ्याचदा एकाच बाजूला दुखतं, पण दोन्ही बाजूंनाही दुखू शकतं.
- नाडी उडावी तसं ठण-ठण दुखतं. वाकलं, जिना चढला, ओझं उचललं की वाढतं.
- मळमळ किंवा उलटी होते. उजेड आणि आवाज नकोसा होतो, अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं.

काही रुग्णांना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा दिसतात, नजरेचा एक भाग धूसर होतो किंवा हाताला, ओठांना मुंग्या येतात. हे ५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतं आणि आपोआप जातं. अशा वेळी 'बाहेरचं काही लागलं' म्हणून अंगारे-धुपारे करत बसू नये. हाही अर्धशिशीचाच एक प्रकार आहे. मात्र असं पहिल्यांदाच झालं असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावं.

कशाने उठते?

प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. गावाकडे नेहमी दिसणारी कारणं म्हणजे सकाळी उपाशीपोटी कामाला जाणं, चतुर्थी-एकादशीचा किंवा नवरात्रातला कडक उपवास, भर उन्हातलं काम, पाणी कमी पिणं, लग्नसराईतलं किंवा रात्रीच्या पाण्याच्या पाळीचं जागरण, मासिक पाळी, अगरबत्ती, अत्तर किंवा पेट्रोलचा उग्र वास आणि नेहमीचा चहा चुकणं.

डोक्यावरून न्हायलं की डोकं उठतं, असं अनेक बायका सांगतात आणि घरात त्यावर हसणं होतं. पण ते खरं आहे. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली अशाच ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती.

सगळीच कारणं टाळता येत नाहीत. ऊन आणि पाळी कुणाच्या हातात नाही. पण दोन घास खाऊन घराबाहेर पडणं, बांधावर पाण्याची बाटली ठेवणं, झोपायची-उठायची वेळ फार न बदलणं आणि उपवास असेल तर फलाहार, ताक, पाणी घेत राहणं एवढं जमलं तरी झटके कमी होऊ शकतात. डोकं शांत होतं म्हणून मिश्री लावायची सवय मात्र सोडलेलीच बरी. मिश्री म्हणजे तंबाखूच आणि ती अर्धशिशीवर औषध नाही.

गोळीच दुखणं वाढवते, ती कशी?

वेदनाशामक गोळी कधीमधी घेतली तर ती काम करते. पण आठवड्यातून तीन-चार दिवस, महिनोन्‌महिने घेत राहिलं की मेंदूला तिची सवय लागते. गोळीचा अंमल उतरला की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी घेतली जाते. सुरुवातीला महिन्यातून चार वेळा उठणारं डोकं मग महिन्यातले पंधरा-वीस दिवस दुखू लागतं. डॉक्टर याला औषधांच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी म्हणतात.

धोक्याची रेषा कुठे आहे, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं:

- पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी साधी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ.
- दोन-तीन औषधं एकत्र असलेली, कॅफिन घातलेली 'मिक्स' गोळी, अर्गोटामाइन किंवा सुमाट्रिप्टान महिन्यात १० किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ.

इथे गोळ्या मोजायच्या नाहीत, दिवस मोजायचे. एका दिवसात दोन गोळ्या घेतल्या तरी तो एकच दिवस. दवाखान्यात जाऊन दुखण्याची सुई घेतली तर तोही दिवस धरायचा. आठवड्यातून तीन दिवस मिक्स गोळी खाणाऱ्याचे महिन्याला १२-१३ दिवस होतात, म्हणजे रेषा केव्हाच ओलांडली गेली. शिवाय रोजच्या वेदनाशामकांनी पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो, तो धोका वेगळाच.

यातून बाहेर पडता येतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवली की पहिले काही दिवस, जास्तीत जास्त आठ-दहा दिवस, डोकं आणखी जोरात दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. बरेच जण इथेच माघार घेतात. हे दिवस काढले की पुढच्या काही आठवड्यांत दुखणं उतरू लागतं. या काळात घरच्यांनी कामाचा थोडा भार उचलला तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. झोपेच्या किंवा नशा आणणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर त्या मात्र मनाने एकदम बंद करू नयेत.

मग गोळी घ्यायची कधी?

साधं सूत्र आहे: गोळी लवकर घ्या, पण आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नको.

'सहन होतंय तोवर बघू' म्हणून दुपारपर्यंत थांबलं की तोवर पोटाचं काम मंदावलेलं असतं. गोळी रक्तात नीट पोचत नाही आणि गुण येत नाही. ठणका सुरू होताच औषध घ्यावं. मोठ्या माणसासाठी पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या किंवा काही खाऊन आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम हा सुरुवातीचा नेहमीचा डोस. उलटी होत असेल तर डॉक्टर सोबत उलटीची गोळी देतात. औषध घेऊन तास-दोन तास अंधाऱ्या, शांत खोलीत पडलं तर गुण लवकर येतो. ओढणी बांधणं, गार पाण्याची घडी ठेवणं याने बरं वाटत असेल तर जरूर करावं.

पोटात अल्सर, किडनीचा आजार, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये. दारू पिणाऱ्यांनी आणि यकृताचा त्रास असलेल्यांनी पॅरासिटामॉलचा डोसही विचारूनच घ्यावा. लहान मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये.

महिन्यात चार किंवा जास्त दिवस डोकं कामातून उठवत असेल, तर झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधं असतात. प्रोप्रॅनोलॉल, अॅमिट्रिप्टिलीन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट ही त्यातली नावं. कुणाला कोणती, हे डॉक्टरच ठरवतात. उदाहरणार्थ, दमा असलेल्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही आणि गरोदरपणात टोपिरामेट चालत नाही. या औषधांचा गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून ती सोडू नयेत. झटके निम्म्यावर आले तरी औषध लागू पडलं असं समजावं.

महिलांनी हे डॉक्टरांना सांगायलाच हवं

सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या माला-एन या गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन असतं. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या रेघा दिसणाऱ्या महिलांनी इस्ट्रोजेनची गोळी घेतली तर पक्षाघाताचा धोका वाढतो. त्यात तंबाखू असेल तर आणखी. अशा महिलांनी आशाताईंना किंवा डॉक्टरांना हे सांगून दुसरा उपाय निवडावा. तांबी आहे, 'छाया' ही बिगर-हार्मोनची गोळी आहे.

मायग्रेनची म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत अर्गोटामाइन असतं. गरोदरपणात ते घेऊ नये. पोटुशी बाईने डोकेदुखीची कुठलीही गोळी दुकानातून परस्पर आणू नये.

ही अर्धशिशी नव्हे, तातडीने दवाखाना गाठा

- आयुष्यात कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी, एका मिनिटात शिगेला पोचलेली.
- डोकेदुखीसोबत ताप आणि मान आखडणं, किंवा शुद्ध हरपणं.
- तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, झटके येणं.
- डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं.
- गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं जोराचं डोकं दुखणं, विशेषतः बीपी वाढलेलं असताना किंवा अंगावर सूज असताना.
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी.

फवारणी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फवारणीनंतर डोकं दुखून उलट्या, तोंडाला लाळ, खूप घाम, डोळ्यांना अंधुक दिसणं असं झालं तर ती विषबाधा असू शकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. अशा वेळी डोकेदुखीची गोळी देऊन झोपवू नये. कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करावा.

कुठे दाखवायचं?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करता येते. तिथून गरजेप्रमाणे ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवलं जातं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ई-संजीवनी सेवेतून फोनवरूनही डॉक्टरांशी बोलता येतं.

जाताना एकच गोष्ट सोबत न्यावी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितात तसा डोक्याचाही लिहावा. डोकं दुखलं त्या तारखेला गोल, गोळी किंवा सुई घेतली त्या तारखेला फुली, पाळी आली तिथे 'पा'. उपास, जागरण असेल तर तेही. दोन महिन्यांची ही पानं डॉक्टरांपुढे ठेवली की निम्मं निदान तिथेच होतं. आणि महिन्याअखेर फुल्या दहाच्या पुढे गेल्या असतील, तर पुढची सुटी गोळी आणण्याआधी दवाखान्याची वाट धरावी.