महागडे फुल टॉवर कॅबिनेट : काचेपलीकडे काय तपासावे?

नवी दिल्ली : आपल्याकडे संगणकाच्या उभ्या पेटीला सर्रास ‘सीपीयू’ म्हटले जाते. वास्तविक सीपीयू म्हणजे त्या पेटीतील मदरबोर्डावर बसणारा, तळहातापेक्षाही लहान असा प्रोसेसर. बाहेरची पेटी ते कॅबिनेट. बोलण्यातील ही गफलत निरुपद्रवी असली, तरी पेटी आणि यंत्र एकच मानण्याची सवय खरेदीच्या वेळी महागात पडू शकते. पेटी जितकी मोठी, चकचकीत आणि महाग, तितका संगणक वेगवान, असा समज त्यातून होतो.

कॅबिनेट स्वतः कोणतेही गणित करीत नाही. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मेमरी तीच ठेवून केवळ पेटी बदलली, तर संगणकाचा मूळ वेग वाढत नाही. तो कमी मात्र होऊ शकतो. ठराविक मर्यादेपलीकडे तापल्यावर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड स्वतःच्या बचावासाठी आपला वेग उतरवतात. कोंदट पेटीत असे वारंवार घडते आणि ज्या वेगासाठी ग्राहकाने पैसे मोजले, तोच त्याच्या हाती लागत नाही. म्हणून महागड्या कॅबिनेटचे मूल्यमापन करताना मूळ प्रश्न एवढाच असतो की, आतील भागांना पुरेशी जागा, पुरेशी हवा आणि दुरुस्तीची सोय ही पेटी देते का?

‘फुल टॉवर’ला अधिकृत व्याख्या नाही

‘फुल टॉवर’ हे मोजमाप नसून उत्पादकांनी रूढ केलेले वर्णन आहे. उदाहरणे पाहिली की हे स्पष्ट होते. कोर्सेअर कंपनीने २०१८ मध्ये आणलेले ऑब्सिडियन १०००डी हे कॅबिनेट सुमारे ६९३ मिलिमीटर लांब, ३०७ मिलिमीटर रुंद आणि ६९७ मिलिमीटर उंच आहे. रिकामे असतानाच त्याचे वजन साडेएकोणतीस किलो भरते आणि त्यात एक मोठा व एक छोटा असे दोन संगणक एकाच वेळी बसवता येतात. स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनचे २०२० मधील डिफाइन ७ एक्सएल हेही मोठ्या पेट्यांमध्येच गणले जाते. त्याची मापे ६०४, २४० आणि ५६६ मिलिमीटर आहेत. पहिल्याचे घनफळ सुमारे १४८ लिटर, तर दुसऱ्याचे सुमारे ८२ लिटर. एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या दोन वस्तूंत जवळपास दुपटीचा फरक आहे. त्यामुळे खोक्यावरील वर्णनापेक्षा तपशिलाच्या तक्त्यातील आकडे महत्त्वाचे.

मदरबोर्डाच्या मापाला मात्र निश्चित मानक आहे. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकानुसार पूर्ण आकाराचा बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या स्क्रूंच्या जागाही ठरलेल्या असतात. हे मानक आजही प्रचलित आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड काही वर्षांत जुने होते. चांगले कॅबिनेट मात्र दोन-तीन संगणकांना पुरते. त्यावर अधिक खर्च करण्यामागील सर्वांत समर्थनीय कारण हेच आहे.

आधी मोजपट्टी, मग पसंती

पेटीत काय बसवायचे आहे, याची यादी खरेदीपूर्वीच मापांसह तयार असावी. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाची मूळ आवृत्ती ३०४ मिलिमीटर लांब असून तीन खाचांची जागा घेते. इतर उत्पादकांची काही कार्डे ३५० मिलिमीटरच्याही पुढे जातात. कॅबिनेटच्या तपशिलात कार्डासाठी दिलेली कमाल लांबी बहुधा पुढील बाजू मोकळी असताना मोजलेली असते. तेथे साधारण ३० मिलिमीटर जाडीचा रेडिएटर आणि २५ मिलिमीटरचे पंखे बसवले, की सुमारे ५५ मिलिमीटर जागा कमी होते.

रुंदीकडे तर हमखास दुर्लक्ष होते. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० कार्डांचे वीजजोड वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. जोड पूर्णपणे आत बसलेला नसणे हे त्यामागील एक सामाईक कारण असल्याचे एनव्हिडियाने त्या वेळी सांगितले. केबल जोडाजवळच एकदम न वाकवता सुमारे ३५ मिलिमीटर सरळ ठेवावी, असा सल्लाही केबल उत्पादकांकडून दिला गेला. अरुंद पेटीत बाजूची काच नेमकी याच केबलवर दाब देते. रुंद कॅबिनेटसाठी जादा पैसे मोजण्याचे हे ठोस कारण ठरू शकते.

‘ई-एटीएक्स’ या शब्दाबाबतही सावध राहावे. या प्रकारातील पूर्ण आकाराचा बोर्ड ३३० मिलिमीटर रुंद असतो. परंतु काही पेट्या त्याहून कमी रुंदीचेच बोर्ड सामावून घेतात आणि तरीही तपशिलात तोच शब्द वापरतात.

मोठी पेटी आपोआप थंड राहत नाही

आत मोकळी जागा अधिक, म्हणून संगणक थंड राहील, हा समज साधे गणित मांडले की टिकत नाही. एखादा शक्तिशाली संगणक पूर्ण भाराखाली १००० वॅट वीज वापरतो असे मानले, तर जवळपास ती सर्व वीज उष्णतेत रूपांतरित होते. आतून जाणारी हवा खोलीपेक्षा १० अंशांहून अधिक तापू नये असे वाटत असेल, तर दर सेकंदाला सुमारे ८७ लिटर हवा पेटीतून वाहिली पाहिजे. म्हणजे १४८ लिटरच्या पेटीतील सगळी हवा दोन सेकंदांच्या आत बदलली पाहिजे. हवा खेळती नसेल, तर घनफळ दुप्पट केल्याने आतील तापमान वाढण्यास केवळ थोडा अधिक वेळ लागेल.

म्हणून पुढील बाजू कशी आहे, हे सर्वप्रथम पाहावे. सलग काच आणि कडेला अरुंद फट, अशी रचना दिसायला सुबक असली तरी पंख्यांना हवा ओढताना अडथळा होतो. जाळीदार पुढची बाजू हे काम सोपे करते. फ्रॅक्टल डिझाइनच्याच २०२१ मधील टॉरेंट या कॅबिनेटमध्ये पुढे १८० मिलिमीटरचे दोन पंखे असून संपूर्ण रचनाच हवेच्या प्रवाहाभोवती केलेली आहे. याउलट डिफाइन ७ एक्सएलमध्ये आवाज शोषणाऱ्या बंद बाजूंवर भर आहे. एकाच कंपनीच्या या दोन पेट्यांपैकी सरसकट चांगली कोणती, हा प्रश्न गैरलागू ठरतो. अखंड भाराखाली चालणाऱ्या संगणकासाठी पहिली, तर शांत खोलीत ध्वनिमुद्रण किंवा लेखनासाठी दुसरी अधिक योग्य.

किमतीत पंखे समाविष्ट आहेत का, हेही तपासावे. ऑब्सिडियन १०००डीची बाजारात आली तेव्हाची किंमत जवळपास ५०० डॉलर होती. पंख्यांचे नियंत्रक त्यात दिले होते, पंखे मात्र ग्राहकाने वेगळे घ्यायचे होते.

मोठ्या पंख्यांचा खरा लाभ शांततेत आहे. पंख्याचा वेग कमी केला की वाहणारी हवा त्याच प्रमाणात घटते. आवाज मात्र त्याहून कितीतरी झपाट्याने उतरतो. म्हणून १२० मिलिमीटरचा वेगाने फिरणारा पंखा जितकी हवा देतो, तितकीच १४० किंवा १८० मिलिमीटरचा पंखा संथपणे फिरून आणि कमी आवाजात देऊ शकतो.

परीक्षणातील आकडे कसे वाचावेत

परीक्षणात केवळ ‘प्रोसेसर ७० अंशांवर राहिला’ असे म्हटले असेल, तर त्यातून फारसे काही कळत नाही. चाचणीच्या वेळी खोलीचे तापमान किती होते, हे माहीत हवे. २० अंशांच्या वातानुकूलित प्रयोगशाळेतील ७० अंश आणि नागपूर किंवा जयपूरच्या मे महिन्यातील ४० अंशांच्या खोलीतील ७० अंश यांत मोठे अंतर आहे. विश्वासार्ह परीक्षणात खोलीच्या तापमानापेक्षा झालेली वाढ नोंदवलेली असते; तुलना करताना सर्व पेट्यांत तेच भाग वापरलेले असतात आणि पंख्यांचा आवाज समान पातळीवर आणून मोजमाप केलेले असते. परीक्षणातील वाढ ५० अंश असेल, तर ४० अंशांच्या खोलीत तोच भाग ९० अंशांच्या आसपास पोहोचेल, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

घरीही एक साधी चाचणी करता येते. संगणक पूर्ण भाराखाली अर्धा तास चालवून तापमान नोंदवावे. मग तो बंद करून बाजूचा पत्रा किंवा काच काढावी आणि तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तापमान बरेच खाली आले, तर पेटी गुदमरते आहे असे समजावे. फरक नगण्य असेल, तर पेटी आपले काम करते आहे.

कोणतेही कॅबिनेट आतील भागांना खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ते उष्णता केवळ बाहेर टाकते. १००० वॅटचा संगणक खोलीत एका छोट्या हीटरइतकी उष्णता सोडतो. एक टन क्षमतेच्या वातानुकूलन यंत्राची पाव टनाहून अधिक क्षमता एवढी उष्णता हटवण्यातच खर्ची पडते.

धूळ, दमटपणा आणि फरशी

भारतीय घरांत धुळीचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागतो. हवा आत घेणाऱ्या प्रत्येक जागी काढता येण्याजोगी जाळी असावी आणि ती साफ करण्यासाठी तीस-चाळीस किलोचा संगणक आडवा करण्याची वेळ येऊ नये. तळाची जाळी पुढून सरकवून काढता येते का, हे दुकानातच पाहावे. हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्यांपेक्षा आत घेणारे पंखे थोडे प्रबळ ठेवले, तर आतील दाब किंचित अधिक राहतो आणि फटींमधून गाळल्याविना शिरणारी धूळ कमी होते. किनारपट्टीवरील दमट हवेत पत्र्याच्या कापलेल्या कडांना गंज धरतो. म्हणून आतील कडांवरही रंगाचा थर आहे ना, हे पाहावे.

कडक केलेली, म्हणजे टेम्पर्ड काच सपाट भागावर बराच भार पेलते. तिची कड मात्र नाजूक असते. सिरॅमिक टाइलच्या कठीण फरशीवर तिची कड किंवा कोपरा टेकला, तरी संपूर्ण काचेचा क्षणात चुरा होऊ शकतो. काढलेली काच गादीवर किंवा जाड कापडावरच ठेवावी. तुटल्यास तशीच काच भारतात सुटी मिळते का आणि ती वॉरंटीत येते का, याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

विजेची सुरक्षितता

कॅबिनेट हा केवळ पत्रा राहिलेला नाही. प्रकाशयोजना, पंख्यांचे नियंत्रक, ग्राफिक्स कार्ड उभे बसवण्यासाठीची रायझर केबल असे विजेवर चालणारे भागही त्यासोबत येतात. त्यातील चूक किती गंभीर ठरू शकते, हे एनझेडएक्सटी कंपनीच्या एच१ या छोट्या पण महागड्या कॅबिनेटने दाखवून दिले. रायझरचा संच पेटीला जोडणाऱ्या स्क्रूंमुळे शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याचा धोका असल्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगामार्फत ते परत मागवण्यात आले. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ३२ हजार पेट्या होत्या. पसंत पडलेले मॉडेल कधी परत मागवले गेले होते का, हे खरेदीपूर्वी पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

आपल्याकडील दुसरा प्रश्न अर्थिंगचा. धातूची पेटी एसएमपीएस आणि तीन पिनांच्या प्लगमार्फत जमिनीशी जोडली जाते. घरातील अर्थिंग सदोष असेल, तर एसएमपीएसमधील फिल्टरमुळे पेटीवर हलका विद्युतदाब येतो आणि स्पर्श होताच झिणझिण्या जाणवतात. तो पेटीचा दोष नसतो. पेटी बदलून तो जातही नाही. अशा वेळी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेणे हाच उपाय.

कोणी घ्यावे, कोणी टाळावे

आठ-दहा हार्ड डिस्क बाळगणारे चित्रफीत संपादक, एकाहून अधिक ग्राफिक्स कार्डांवर काम करणारे संशोधक, पूर्ण आकाराचा ई-एटीएक्स बोर्ड वापरणारे किंवा अनेक रेडिएटरांची जलशीतन यंत्रणा उभारणारे यांच्यासाठी फुल टॉवर ही गरज असू शकते. एक प्रोसेसर, एक ग्राफिक्स कार्ड आणि दोन-तीन डिस्क एवढाच संसार असेल, तर हवेशीर मिड टॉवर पुरेसा ठरतो. वाचलेली रक्कम चांगल्या एसएमपीएसवर किंवा यूपीएसवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे.

गरज खरोखर असेल, तर पैसे भरण्यापूर्वी आणखी एक माप घ्यावे, ते टेबलाचे. लिहिण्याचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते. फळीची जाडी वजा जाता ऑब्सिडियन १०००डीसारखी ७० सेंटिमीटर उंचीची पेटी त्याखाली जेमतेम शिरते आणि छतातून गरम हवा बाहेर पडायला तेथे वाव उरत नाही. अशा पेटीला टेबलाशेजारी, चारही बाजूंनी मोकळी आणि फरशीपासून थोडी उंच अशी स्वतःची जागा लागते. ती घरात नसेल, तर त्याहून लहान पेटीच निवडणे योग्य.