तीनात एक

उपासाच्या खिरीत एकदा मखान्याबरोबर काळं, टणक काहीतरी दाताखाली आलं. ते टरफल होतं. फुंकरीने उडेल अशा पांढऱ्या लाहीला इतकं कठीण कवच असतं, हे तेव्हा कळलं आणि मखान्याच्या मुलखात, बिहारमधल्या दरभंग्याला जायचं ठरलं.

पाकिटावर काहीही छापलेलं असो, मखाना कमळाचा नव्हे. तो वॉटरलिलीच्या, म्हणजे आपल्या कुमुदिनीच्या कुळातला. शास्त्रीय नाव युरिएल फेरॉक्स. एका तळ्यात अजून पानं शिल्लक होती. मीटरभर रुंद, सुरकुतलेली, पाण्याला चिकटून पसरलेली. एका पोराने काठीने एक पान उलटं केलं. खालची बाजू गडद जांभळी, फुगलेल्या शिरांचं जाळं आणि शिराशिरांवर काटे. वरच्या बाजूलाही काटे, देठाला काटे, फळालाही काटे. बरीचशी फुलं तर पाण्याखाली, न उमलताच स्वतःचं परागीभवन उरकून घेतात. फळ पिकून फुटलं की बिया भोवतीच्या गरामुळे एकदोन दिवस तरंगतात आणि मग तळाच्या चिखलात जातात. पुढच्या वर्षीची रोपं तिथूनच उगवतात. वनस्पतीने आपली सोय चोख केली आहे; माणसाची सोय हा तिचा विषयच नाही.

म्हणून मल्लाह, म्हणजे इथला कोळी, बुडी मारतो. श्वास रोखून तळाचा चिखल हातांनी ओढायचा, शिंगाच्या आकाराच्या बांबूच्या चाळणीत, गांजमध्ये भरायचा आणि वर येऊन पाण्यात हलवून धुवायचा. चिखल जातो, हरभऱ्यापेक्षा जरा मोठ्या काळ्या बिया उरतात. त्यांना इथे गुरी म्हणतात. पूर्णियाकडे हल्ली फूटभर पाण्याच्या शेतात मखाना घेतात, तिथे बुडी टळते. काटे टळत नाहीत.

गुरी वाळवतात, चाळण्यांतून आकाराप्रमाणे वेगळी करतात, भाजतात आणि दोनतीन दिवस तशीच ठेवतात. या मुक्कामात आतला दाणा कवचापासून सुटतो. मग दुसरं भाजणं आणि लगेच फोडी.

फोडी मी पाहिली ती एका बुटक्या छपराखाली. धूर डोळ्यांत जात होता. फोडी करणाऱ्या काकी चुलीशेजारी उकिडव्या बसलेल्या. कढईतल्या पाचसहा तापलेल्या बिया त्या उघड्या हाताने उचलत, लाकडी ठोकळ्यावर टाकत आणि दुसऱ्या हातातली थापी त्यांच्यावर आपटत. कवच फुटायचं, दाणा फुलायचा. मका आपला आपण फुटतो. हे बी कितीही तापवा, घाव बसल्याशिवाय फुलत नाही. कवच तडकलं की आत कोंडलेलं पाणी क्षणात वाफ होतं आणि पिठूळ गर फुगतो. घाव उशिरा बसला तर दाणा निवून चिवट राहतो. त्यामुळे हातात चिमटा घ्यायला सवड नाही. काकींच्या बोटांची टोकं गुळगुळीत, काळपट झाली होती. भाजत नाही का, असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, “पहिल्या वर्षी भाजतं.”

“किती लाही निघते?”

“तीनात एक. तीन किलो गुरी, एक किलो लाही.” थापी थांबली नाही.

मजुरीचं विचारलं तेव्हा उत्तर काकींनी दिलं नाही. ते मागे खाटेवर बसलेल्या व्यापाऱ्याने दिलं, आणि तेही हसून, आकडा न सांगता. तीनात एक हा हिशेब मात्र त्यालाही तोंडपाठ होता. लाहीच्या पोत्यांवर त्याचा हात ज्या मायेने फिरत होता, ती मला काही आवडली नाही.

इथल्या मखान्याला ‘मिथिला मखाना’ म्हणून 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बिहारसाठी मखाना मंडळ जाहीर झालं. शहरात मसाला लावलेल्या मखान्याचे डबे ‘सुपरफूड’ म्हणून खपतात. फोडीची यंत्रं तयार झाली आहेत, पण त्या छपराखाली एकही नव्हतं. यंत्र आलं तर काकींचं काम जाईल, असं म्हणणारे भेटतात. ते बहुधा कढईत हात घालत नाहीत. मंडळाने पहिला पैसा जाहिरातीवर घालू नये, यंत्रांवर घालावा. आणि ती यंत्रं व्यापाऱ्याच्या गोदामात न ठेवता फोडी करणाऱ्या कुटुंबांच्या गटांच्या नावावर द्यावीत.