मृगाआधी टायर बघा



गळीत हंगाम तोंडावर आला की बैलगाडीवान पहिल्यांदा बैलांच्या पायाकडे बघतो. पत्री झिजलेली असली तर बैल पाडून चारी पायांना नवी पत्री मारून घेतो आणि मगच भरलेली गाडी डांबरीवर काढतो. "एवढ्या खेपा होऊ देत, पत्रीचं मागनं बघू," असे कोणी म्हणाला तर बाकीचे गाडीवान त्याला वेड्यात काढतील. डांबरीवर बैल घसरला तर काय होते, हे सगळ्यांनी पाहिलेले असते.

आता आपल्या गट ऑफिससमोर उभ्या असलेल्या मोटारसायकलींच्या टायरकडे एकदा नजर टाका. आम्ही परवा मुद्दाम टाकली. कित्येक गाड्यांचे मागचे टायर अगदी गोटा झालेले. नक्षी तर नाहीच, वर बाजूला भेगा. याच गाडीवरून आपण गावातून कारखान्यावर येतो, डेअरीला दूध घालतो, पोराला कॉलेजला सोडतो, मंडळींना माहेरी नेतो. बैलाच्या पायाची एवढी काळजी करणारे आपण गाडीच्या पायाकडे मात्र पंक्चर होईपर्यंत बघत नाही.

दुसऱ्याला सांगण्याआधी आमचेच सांगतो. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पंक्चरवाल्याने आम्हाला बजावले होते, "साहेब, ह्या मागच्या टायरात आता जीव राहिला न्हाई. पावसाच्या आत बदला." आम्ही म्हटले, "चालतोय की अजून. दिवाळीत बघू." चालतही होता. एप्रिल गेला, मे गेला, तक्रार नाही. मृगाचा पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी पुतण्याला मागे बसवून घरी निघालो होतो. कालव्याच्या वळणावर समोर म्हैस आली म्हणून ब्रेक दाबला आणि मागचे चाक आडवे गेले. आमचे कोपर सोलपटले, त्यावर भागले. पण पोराचे खांद्याचे हाड मोडले. टायरला लागले असते त्याच्या कितीतरी पट पैसे दवाखान्यात गेले. पैशाचे सोडा, पण वहिनींनी "भावजी, गाडी कशी घसरली?" असे विचारले, तेव्हा आम्हाला उत्तर देता आले नाही.

गोटा टायर उन्हाळ्यात का फसवतो

कोरड्या डांबरीवर टायर रबराच्या जोरावर धरतो. तिथे नक्षीचे फारसे काम नसते. म्हणून झिजलेला टायर उन्हाळाभर बिनतक्रार चालतो आणि आपल्याला वाटते, अजून एक वर्ष निघेल. नक्षीचे खरे काम पावसात. रस्त्यावरचे पाणी खाचांत घेऊन बाजूला टाकायचे आणि रबर डांबराला टेकवायचे, यासाठी त्या खाचा असतात. खाचाच नसतील तर रबर आणि रस्ता यांच्यात पाण्याचा पडदा राहतो. शेतात चर बुजले की पाणी सरीत तुंबते, तसेच हे.

त्यात पहिला पाऊस सगळ्यात वाईट. वर्षभर रस्त्यावर सांडलेले तेल आणि बसलेली धूळ पाण्याबरोबर वर येते आणि साबण लावल्यासारखा रस्ता होतो. चांगला सडकून पाऊस होऊन रस्ता धुऊन निघेपर्यंत हा धोका राहतो.

टायर संपला हे ओळखायला मेकॅनिक लागत नाही. टायरच्या बाजूवर छोटा त्रिकोण किंवा 'टी डब्ल्यू आय' ही अक्षरे असतात. त्याच्या सरळ रेषेत वर खाचेत बघा, रबराचा बारीक उंचवटा दिसेल. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल लागते. पण ही शेवटची हद्द झाली. मे महिन्यात नक्षी त्या उंचवट्याच्या जवळ आलेली दिसली तर पाऊस त्यावर काढू नये.

टायरवरचे आकडे वाचा

दुकानात आपण "स्प्लेंडरचा मागचा द्या" म्हणतो आणि देईल तो घेतो. खत घेताना पोत्यावरचे आकडे वाचतो, तसे टायरवरचेही वाचावेत. समजा, त्यावर ८०/१००-१८, ५४ पी असे लिहिले आहे. पहिला ८० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. १०० म्हणजे उंची रुंदीच्या शंभर टक्के. १८ म्हणजे रिमचे माप, इंचांत. पी या अक्षराचा टायर ताशी १५० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला चालतो. आपल्या कामाला तो भरपूर झाला.

राहिला ५४. हाच आकडा आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आणि याकडेच कोणी बघत नाही. तो वजनाचा सांकेतिक आकडा आहे. ५४ म्हणजे तो टायर २१२ किलो भार घेतो. ४७ म्हणजे १७५ किलो. १०० सीसीच्या काही गाड्यांना पुढे-मागे एकाच मापाचा टायर असतो, पण पुढचा ४७ चा आणि मागचा ५४ चा. माप एकच म्हणून पुढचा टायर मागे टाकणारे आम्ही पाहिले आहेत. आता हिशेब करा. गाडी ११० किलोच्या आसपास, स्वार ७० किलो, मागे दुधाचे ४० लिटरचे दोन भरलेले कॅन म्हणजे ८० किलोंच्या वर. बेरीज २६० च्या पुढे जाते आणि त्यातला मोठा वाटा मागच्या चाकावर येतो. म्हणून मागे मागचाच टायर घाला आणि कंपनीने दिला त्याहून कमी आकड्याचा कधीच घेऊ नका.

आणखी तीन गोष्टी बघा. एक, आय. एस. आय. ची खूण. दुसरी, चार आकड्यांची तारीख. '०८२५' म्हणजे २०२५ सालच्या आठव्या आठवड्यात तयार झालेला टायर. दुकानाच्या माळ्यावर दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर 'सवलतीत' मिळत असेल तर विचार करा. रबर पडून पडूनही कडक होते. घरची गाडी कमी फिरते म्हणून नक्षी शाबूत असली तरी पाच वर्षांनंतर टायर भेगांसाठी तपासत राहा. तिसरी, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण. टायर उलटा बसला तर नक्षी पाणी नीट टाकत नाही. बसवणाऱ्याला घाई असते, तेव्हा आपणच बघून घ्यावे.

कडक की मऊ, ट्यूबचा की बिनट्यूबचा

"जास्त चालणारा द्या" म्हटले की दुकानदार कडक रबराचा टायर काढतो. तो जास्त किलोमीटर जातो हे खरे, पण ओल्यात धरायला थोडा कमी. मऊ रबराचा ओल्यात चांगला धरतो, पण लवकर झिजतो. एकाच टायरात दोन्ही पुरेपूर मिळत नाही. रोज जाऊन-येऊन करणाऱ्याने मधला मार्ग धरावा: मध्यम रबराचा, खोल नक्षीचा, नावाजलेल्या बनावटीचा. आम्ही कोणत्याही कंपनीची भलामण करीत नाही. सिएट, एमआरएफ, टीव्हीएस यांच्यासारख्या कंपन्या रोजच्या वापराच्या गाड्यांसाठी टायर करतात, त्यांतून आपल्या मापाचा आणि भाराचा बघावा.

मोठमोठ्या ठोकळ्यांचा टायर दिसायला भारी दिसतो. ज्याचा निम्म्याहून जास्त रस्ता मुरमाचा आणि शेतातल्या चिखलाचा आहे, त्यालाच तो उपयोगी. डांबरीवर त्याचे ठोकळे भराभर झिजतात आणि ओल्या डांबरीवर रबर कमी टेकते. शिवाय आपल्या काळ्या रानातला चिखल एकदा चिकटला की कोणतीही नक्षी बुजतेच. शेतातून डांबरीवर आल्यावर थोडे अंतर हळू चालवून चिखल झडू द्यावा, हाच त्यावर इलाज.

बाभळीचे काटे आणि बैलांच्या पत्रीचे गळालेले खिळे आपल्या भागाला नवीन नाहीत. म्हणून ज्यांच्या गाडीला त्यासाठी बनवलेले मॅगव्हील आहे, त्यांना बिनट्यूबचा टायर चांगला. खिळा घुसला तरी बहुधा हवा सावकाश जाते आणि घरापर्यंत पोचता येते. तारांच्या साध्या चाकाला मात्र बिनट्यूबची हौस करू नये. तारांच्या भोकांतून हवा जाते, आत ट्यूब लागतेच. आणि नवीन टायरमध्ये जुनी, ठिगळे लावलेली ट्यूब घालून चार पैसे वाचवू नका. टायर नवा तर ट्यूबही नवी.

फुकटचा उपाय

टायर जास्त चालवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हवा. आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना, मीटर लावून तपासावी. अंगठ्याने दाबून काही कळत नाही. हवा किती हवी ते गाडीच्या चिकटपट्टीवर किंवा पुस्तकात दिलेले असते. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५ पौंड, मागे एकटा असताना २८ आणि मागे माणूस असताना ३२-३३ पौंडांच्या आसपास लागते. पण आपल्या गाडीचा आकडा आपणच बघून घ्यावा.

टायर कसा झिजला यावरून हवेचा इतिहास वाचता येतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल तर हवा कायम कमी होती. असा टायर आतून तापतो, बाजूंना भेगा पडतात आणि पेट्रोलही जास्त खातो. मधलाच पट्टा झिजला तर हवा जास्त होती. "गाडी हलकी पळते" म्हणून पावसाळ्यात टायर दगडासारखा फुगवणारे बरेच आहेत. तसे केल्याने रस्त्याला टेकणारे रबर कमी होते.

हंगामातला रस्ता

पावसाळा संपला की आपला धोका संपत नाही. गाळप सुरू झाले की रस्त्यावर पाचट, ट्रॉलीतून पडलेला ऊस, चिरडलेल्या कांड्यांचा रस आणि शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांना लागून आलेला चिखल. पहाटेच्या दवात हे सगळे पावसाइतकेच निसरडे होते. चांगला टायरही इथे काही अंशीच साथ देतो. वळणावर ब्रेक दाबू नये, वळणाआधीच वेग कमी करावा. दोन्ही ब्रेक हळूहळू, एकत्र दाबावेत. भरलेल्या ट्रॉलीच्या मागे चिकटून चालू नये. आमच्या चिटबॉय मंडळींना आणि रात्रीच्या पाळीच्या कामगारांना हे विशेष सांगणे आहे.

पैशाचे काय

खरी अडचण इथेच आहे. टायर संपतो जूनच्या तोंडाला आणि त्याच वेळी बी-बियाणे, खते, पोरांच्या फिया. हातात पैसा नसतो. म्हणून "दिवाळीत बघू" होते आणि सगळ्यात वाईट टायरवर सगळा पावसाळा निघतो. आमचेही असेच झाले होते.

हिशेब करून बघू. केवळ उदाहरणासाठी धरा, एक टायर १,६०० रुपयांचा आणि २०,००० किलोमीटर चालला. किलोमीटरला ८ पैसे पडले. दुसरा २,२०० रुपयांचा, पण ३५,००० किलोमीटर चालला. ६ पैशांच्या थोडे वर पडले. महाग दिसणारा टायर स्वस्त पडला. आणि पेट्रोल लिटरला शंभरावर, गाडी लिटरला ५० किलोमीटर देते असे धरले, तर पेट्रोलच किलोमीटरला २ रुपये खाते. त्यापुढे टायरचे सहा-आठ पैसे किती? पण ते एकरकमी द्यावे लागतात, म्हणून जड वाटतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीच्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. पक्के बिल मागा, त्यावर कर बघा. टायरमध्ये दोष निघाला तर तेच बिल उपयोगी पडते.

आमची सूचना साधी आहे. उसाचे बिल हाती आले की त्यातून टायरचे पैसे वेगळे काढून ठेवावेत आणि पाडव्याला गाडी धुताना दोन्ही टायर तपासावेत. बदलायचा असेल तर मेअखेर बदलावा. नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, तेवढे अंतर सांभाळून चालवावे. मृग निघेपर्यंत तो रस्त्याला सरावतो. रबर चढवलेला जुना टायर, निदान पुढच्या चाकाला, कधीच घालू नये. पुढचे चाक घसरले तर सावरायला सवडच मिळत नाही.

आमचा पुतण्या आता बरा आहे. कॉलेजला स्वतः गाडी घेऊन जातो आणि दर रविवारी हवा बघतो. आम्हाला सांगावे लागत नाही. सभासद बंधूंनीही हे वाचून झाल्यावर एवढे करावे, की अंगणात उतरून आपल्या गाडीच्या मागच्या टायरवरून एकदा हात फिरवून बघावा. घरातल्या पोरांच्या गाड्यांवरूनही फिरवावा, ही नम्र विनंती.